हरवलं की वाढलं

उल्हासकाकांच्या पाकिटात ग्रीन कार्ड आहे. त्या कार्डासाठी मी तेरा वर्षं रांगेत उभी आहे आणि माझ्यापुढे अजून किती माणसं आहेत हे सांगायला कुणी तयार नाही. काकांना ते पावणेदोन वर्षांत मिळालं, आणि त्यांना ते नको आहे. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण फ्रीमाँटमधल्या आमच्या टाउनहाउसांच्या रांगेत दोन घरांत वाटून दिलेली आहे. सुरुवातीला मला त्यांचा रागच यायचा. आयत्या मिळालेल्या गोष्टीला नाक मुरडणारी माणसं मला आवडत नाहीत. मग मी दर रविवारी त्यांना गाडीतून समुद्रावर न्यायला लागले आणि राग हळूहळू दुसरीकडे वळला. नेमका कुणाकडे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

काका मूळचे मिरजेचे. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, जमिनीखालून गेलेल्या केबलमधला बिघाड शोधायचा. एका टोकाकडून तारेत आवाज सोडायचा, कानाला हेडफोन लावून रस्त्यावरून चालत जायचं आणि आवाज बदलला की तिथे खडूने फुली मारायची. मग मजूर तिथे खणणार. फुली चुकली तर भर उन्हात सहा माणसं फुकट खणणार आणि दिवसभर शिव्या घालणार. या कामामुळे त्यांची मान कायमची थोडी खाली आणि डावीकडे कललेली राहिली आहे. नवीन माणसाला वाटतं काका फार विनम्र आहेत. विनम्र वगैरे काही नाहीत, ते ऐकत असतात.

आठ वर्षांपूर्वी काकू गेल्या. एकुलता एक मुलगा अनीश इथे. त्याच्याकडे ग्रीन कार्ड होतं, पण सिटिझनशिप त्याने मुद्दाम घेतली नव्हती. कधीतरी परत जाऊ, असं त्याचं आणि त्याच्या बायकोचं, इशिताचं, चाललेलं असायचं. पण सिटिझन झाल्याशिवाय बापाला कायमचं आणता येत नाही. आई गेल्यावर त्याने दोन महिन्यांत अर्ज केला, यथावकाश हात वर करून शपथ घेतली आणि भारताचा पासपोर्ट परत केला. रद्दचा शिक्का बसलेलं ते पुस्तक त्याने देवघराच्या खणात ठेवलं आहे. काकांना हे सगळं माहीत आहे. रोज सकाळी उदबत्तीसाठी तोच खण उघडावा लागतो.

आता या मुलाला नावं ठेवायची तरी कशी? अनीशने वडिलांच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत लावून दिल्यात. कांदा-लसूण मसाला तो सांगलीहून मागवतो. घरातली सगळ्यात उजेडाची खोली काकांची. पण सकाळी आठला दोघं ऑफिसला गेले की काका आणि फ्रीजचा आवाज, एवढंच घरात उरतं. घरातून निघून डावीकडे गेलं की फ्रीवेची भिंत लागते, उजवीकडे गेलं की शाळेचं कुंपण. गाडी त्यांना येत नाही. कुठे जायचं तर अनीश त्याच्या फोनवरून टॅक्सी मागवतो आणि मीटिंगमध्ये बसून नकाशावर बाबांचा ठिपका बघत राहतो. हे सगळं प्रेमाने चाललेलं असल्यामुळे तक्रार करायची सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

पाच वर्षांत काकांनी तीनदा विषय काढून पाहिला. एकदा मिरजेला जाऊन येतो म्हणतो, असं ते म्हणाले की अनीश त्याच संध्याकाळी तिकीट काढायचा. तीन आठवडे, जाऊन-येऊन, व्हीलचेअरसकट. धडधाकट काका दोनदा व्हीलचेअरमध्ये बसून गेले आणि बसून परत आले. तिसऱ्यांदा त्यांनी तिकीट काढू दिलं नाही. त्यावरून अनीशची समजूत झाली की बाबा आता इथे रुळले.

गेल्या वर्षी सत्तराव्या वाढदिवसाला त्याने त्यांना जमिनीतला धातू शोधणारं यंत्र दिलं. लांब दांडी, टोकाला ताटलीएवढी चकती, कानाला हेडफोन. बाबा एंगेज राहतील, असं तो मला म्हणाला. काकांनी हेडफोन चढवले, मागच्या अंगणात चकती फिरवली आणि पाच मिनिटांत गवताखालचा पाण्याचा पाइप, एक खिळा आणि इशिताचं हरवलेलं कानातलं शोधून दिलं. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा ताठ उभं राहिलेलं पाहिलं. तेव्हापासून रविवारची ड्रायव्हर मी. माझा नवरा रविवारी क्रिकेट बघतो, त्यामुळे घरी माझी अनुपस्थिती कुणाला जाणवत नाही.

गोष्ट गेल्या रविवारची. आदल्या दिवशी हाफ मून बेच्या किनाऱ्यावर महाराष्ट्र मंडळाची पिकनिक झाली होती आणि तिथे आसावरीचं मंगळसूत्र गेलं. आसावरी तिशीतली, पुण्याची, लग्नाला तीन वर्षं झालेली. रात्री मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला, मंगळसूत्र हरवलं आहे, कुणाला सापडल्यास कळवावे. खाली हात जोडलेली चाळीस चित्रं. सकाळी सातला मी काकांना घ्यायला गेले तर ते पायात बूट घालून तयार होते.

ब्याण्णव नंबरच्या रस्त्याने खाडीवरच्या लांब पुलावर आलो तेव्हा ते म्हणाले, "भावना, उद्या सॅन फ्रान्सिस्कोला भारतीय वकिलातीत जायचंय. सहीला."

"कसली सही?"

"मिरजेच्या खोल्या विकायच्या मुखत्यारपत्रावर. अनीशने गिऱ्हाईक बघितलंय. बंद घराला वाळवी लागते म्हणतो, आणि ते खरंही आहे."

मी आरशातून मागची गाडी बघत असल्याचं नाटक केलं. दोन खोल्या, दुसरा मजला, समोर टेलिफोन खात्यातल्या निवृत्तांचा कट्टा. त्या खोल्या विकल्या की काकांना भारतात टेकायला जागा उरत नव्हती. मग पाहुणे म्हणून तीन आठवडे कुणाकडे तरी, आणि परत व्हीलचेअर.

"तुम्हाला विकायच्या आहेत का?"

"नाही. मला तिथे राहायचंय. कायमचं. तिथे मला कुणी 'कसे आहात' विचारत नाही. जाड झालास म्हणतात, उठ तिकडे सरक म्हणतात." त्यांनी सीटबेल्ट सैल केला. "बायकांचं बरं असतं. त्यांना माहेर असतं, तिथे हक्काने जाता येतं. आज संध्याकाळी अनीशला सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"तेच शब्द जुळत नाहीत," ते म्हणाले आणि पूल संपेपर्यंत खाडीकडे बघत बसले.

मला खरं तर चीड आली. सांगायचं काय त्यात, सरळ सांगून टाकायचं. पण मीही तेरा वर्षं माझ्या मॅनेजरला प्रमोशनबद्दल सरळ काही विचारलेलं नाही. नोकरी गेली तर साठ दिवसांत चंबूगबाळं आवरून देश सोडावा लागतो, म्हणून मी मीटिंगमध्ये फक्त हसते.

किनाऱ्यावर आसावरी आणि तिचा नवरा देवांग आधीच येऊन थांबले होते. देवांग न्यू जर्सीत वाढलेला, मराठी समजतं पण बोलताना दमतो. आसावरीचे डोळे सुजलेले. मंगळसूत्रातली एक वाटी सासरची आणि एक माहेरची, आणि माहेरची वाटी तिच्या आईने स्वतःच्या मंगळसूत्रातली काढून दिलेली. आई आता नाही. त्यामुळे तसंच दुसरं करून घेऊ, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

देवांगने पाण्याच्या कडेने एक लांब पट्टा दाखवला. "Two guys काल इथेच होते, काका, मशीनवाले. संध्याकाळपर्यंत शोधलं त्यांनी. Very nice guys. ही इथे पाय धुवायला वाकली होती, so they figured it slipped off."

ओल्या वाळूत खड्डेच खड्डे दिसत होते. काकांनी यंत्र खांद्यावरून उतरवलंसुद्धा नाही.

"आसावरी, हरवलं की वाढलं?"

ती दचकली. मग हळू आवाजात म्हणाली, "वाढलं, काका. बाथरूममध्ये गेले तेव्हा टी-शर्टमधून चार मणी पडले." तिने पर्समधून टिश्यूची पुरचुंडी काढली. त्यात चार काळे मणी, देवाच्या अंगाऱ्यासारखे जपून बांधलेले. "याला मी लगेच सांगितलं होतं, वाढलं म्हणून."

देवांग म्हणाला, "Yeah, and I told them. It got longer. Like, सैल झालं, so it came off over her head."

आसावरीने कपाळाला हात लावला. तिची काहीच चूक नव्हती. मंगळसूत्र तुटलं, बांगडी फुटली, असं आपल्यात कुणी बोलत नाही. ते वाढतं. कुंकू पुसत नाहीत, वाढवतात, दिवाही विझवत नाहीत. वाईट शब्द तोंडातून गेला की तो कुठेतरी ऐकला जातो, अशी आपली समजूत. तिच्या आईने ते तिला शिकवलं होतं आणि इतक्या रडारडीतही तिने ते पाळलं. पण त्या एका शब्दापायी दोन भले गोरे गृहस्थ संध्याकाळपर्यंत, गळ्यातून अख्खी निसटलेली लांब साखळी हुडकत होते, आणि तीही भलत्याच जागी.

"तुटलं म्हणजे वाटेत कुठेही पडलेलं असू शकतं," काका म्हणाले. तो शब्द त्यांनी असा सरळ उच्चारला की मीच चपापले. "कालचे फोटो आहेत ना? सगळे नको. पिकनिकच्या अगदी मधला एक दाखव."

आसावरीने फोन पुढे केला. मधल्या फोटोत लिंबू-चमचा चालला होता आणि तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. काका म्हणाले, "म्हणजे पहिली अर्धी लाइन चांगली. आता उरलेल्यातला मधला." त्यात सगळे कलिंगड खात होते आणि गळा मोकळा होता. "आता या दोघांच्या मधला." असं करत पाचव्या फोटोला ते रस्सीखेचीपाशी येऊन थांबले. दोर ओढताना आसावरी मागे रेललेली, तोंड वेडंवाकडं, आणि दोर बरोबर गळ्याला घासत होता. मणी ओवलेली तार तिथे तुटली आणि ओढाओढीत तिला पत्ता लागला नाही. पुढच्याच फोटोत बायकांचा संघ वाळूत उताणा पडून हसत होता.

"केबलचं असंच असतं," ते मला म्हणाले. "लोक जिथे आवाज बंद झाला तिथे खणत बसतात. आवाज शेवटचा चांगला कुठे होता ते आधी बघायचं."

रस्सीखेच झाली होती पाण्यापासून बरीच वर, कोरड्या वाळूत. टाचांनी पडलेले चर अजून दिसत होते. काकांनी चौकोन आखला, हेडफोन चढवले आणि चकती फिरवायला लागले. सोनं आणि कोल्ड्रिंकच्या डब्याची कडी यंत्राच्या पडद्यावर एकच आकडा दाखवतात. त्यामुळे मान कलती करून आवाजच ऐकावा लागतो. पहिल्या तासात जाळीच्या फावड्यातून नऊ कड्या निघाल्या, दोन पंचवीस सेंटची नाणी, एक किल्ली, आणि दहा सेंटचं एक काळं पडलेलं नाणं. काकांनी ते अंगठ्याने चोळलं. चांदीचं, एकोणीसशे चोपन्न सालचं.

"माझ्याच वयाचं आहे," ते म्हणाले. "बरंय त्याचं. आपल्याच देशात पुरलेलं आहे."

मला हसावं की नाही कळेना. देवांग हसला, कारण त्याला वाटलं हसायचं असतं.

साडेदहाच्या सुमाराला त्यांनी चकती एकाच जागी चारदा फिरवली आणि कुणाला काही न सांगता गुडघ्यावर बसले. हाताने वाळू बाजूला केली. वीतभर खाली पहिली वाटी होती, तुटक्या तारेचा तुकडा आणि सात-आठ मणी धरून. आसावरीने ती हातात घेतली आणि उलटी करून आत बघितलं. सासरची होती. ती काकांकडे बघत राहिली. त्या बघण्यात जे होतं ते काकांना माझ्याआधी कळलं, कारण ते पुन्हा हेडफोन चढवून उठले.

दुसरी वाटी सापडायला आणखी दोन तास लागले. ऊन चढलं, वारा सुटला, काकांचा गुडघा धरला. देवांग दोनदा म्हणाला की राहू द्या काका, you've done so much. काका ऐकत होते पण ते यंत्राचं. शेवटी चौकोनाच्या बाहेर, जिथे बायकांचा संघ कोसळला होता तिथे, वाळूत पडलेल्या कुणाच्या तरी चपलेच्या ठशाखाली ती मिळाली. आसावरी वाळूत बसली आणि ढसाढसा रडली, आणि मग तिने वाकून काकांच्या बुटांवर डोकं टेकलं. काका म्हणाले, "अगं उठ, बुटात वाळू आहे." पण त्यांचा चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडे बघितलं. एकतीस वर्षं सहा माणसं त्यांच्या फुलीवर विश्वास ठेवून खणायची. इथे आल्यापासून त्यांच्या शब्दावर कुणी काही केलं नव्हतं.

आम्ही घरी पोहोचेपर्यंत बातमी पुढे गेली होती. दारातच अनीशने वडिलांना मिठी मारली. त्याच्या हातात फोन, त्यात मंडळाचा ग्रुप. उल्हासकाका म्हणजे आपल्या बे एरियाचे रत्न, असं कुणी लिहिलेलं. इशिताने चहा टाकला. स्वयंपाकघराच्या टेबलावर उद्याच्या सहीची निळी फाइल ठेवलेली होती आणि तिच्यावरच चहाचे कप आले.

"बाबा, मंडळवाले विचारतायत, पुढच्या पिकनिकला डेमो द्याल का," अनीश म्हणाला. "आणि मी आत्ताच नवं मशीन ऑर्डर केलं. पाण्याखाली चालणारं. बघा, मी म्हणत होतो ना इशिता? जरा वेळ लागतो, पण माणूस सेट होतो. बाबा आता इथले झाले." त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. आठ वर्षं छातीवर ठेवलेलं ओझं खाली उतरवल्यासारखा तो दिसत होता.

मी कपात बघत बसले. इतक्या आनंदी माणसाला आता कोण काय सांगणार? काकांच्या यशानेच त्यांचं दार लावून घेतलं होतं. मनात म्हटलं, झालं, आता पाण्याखालचं मशीन.

काकांनी चहा संपवला. फाइलवरचा कप उचलून बाजूला ठेवला.

"अनीश, उद्या मी सही करणार नाही. मी मिरजेला जातो."

"जाऊन या ना बाबा, कोण नाही म्हणतंय? ऑक्टोबरचं बघतो तिकीट." अनीश हसला. "आणि जातो काय म्हणता? येतो म्हणावं. लहानपणी याच्यावरून तुम्ही मला दारातून परत बोलवायचात."

"बोलवायचो."

"मग?"

"पाच वर्षं येतोच म्हणत होतो, बाळा. म्हणून तू दर वेळी परतीचं तिकीट काढलंस. चूक तुझी नाही, मी शब्द चुकीचा दिला." त्यांनी फाइल अनीशकडे सरकवली. "जातो."

इशिताने दुसऱ्या चहाखालचा गॅस बंद केला. अनीश वडिलांकडे बघत राहिला आणि मला त्याच्या चेहऱ्यावर ते समजत गेलेलं दिसलं, एकेक पायरीने.

"मी तुमच्यासाठी पासपोर्ट दिला, बाबा," तो म्हणाला. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं.

"माहीत आहे. रोज बघतो तो. म्हणून तर बोलायला पाच वर्षं लागली."

मी उठायला हवं होतं. परक्या घरातलं हे ऐकू नये एवढं मला कळतं. पण मी उठले नाही. तिथे बसून मला काकांचा हेवा वाटत होता, अनीशची कीव येत होती, आणि त्या दोघांत मी कुठे आहे ते समजत नव्हतं. ज्या देशात राहायला मिळावं म्हणून मी तोंड शिवून बसले आहे, तिथून निघायला या माणसाने तोंड उघडलं होतं.

अनीशने फोन हातात घेतला. विमानाची तारीख निवडायची ती चौकट उघडली.

"कधी?" त्याने विचारलं.

काकांनी तारीख सांगितली. पुढची चौकट परतीच्या तारखेची होती, ती त्याने रिकामी ठेवली.